जाम आला की कागद लगेच ओढू नका, आधी तो कुठं थांबलाय ते बघा

ताई, तुमची अडचण आधी माझ्या शब्दात परत सांगतो म्हणजे वाचणाऱ्या बाकीच्यांनाही कळेल. राजारामपुरीतल्या तुमच्या पतसंस्थेत चार वर्षांपूर्वी घेतलेलं रिफर्बिश्ड, म्हणजे वापरलेलं दुरुस्त करून विकलेलं, झेरॉक्स मशीन आहे, मिनिटाला ३० कॉपीवालं, दोन ट्रे, दोन्ही बाजूनं प्रिंट काढणारं. दोन महिने झाले, दिवसातनं दहा-पंधरा वेळा पेपर जाम. कधी कागद खरंच अडकलेला असतो, कधी सगळी दारं उघडून बघितलं तरी कपटासुद्धा दिसत नाही पण स्क्रीनवरचा जाम काय जात नाही. इंजिनिअर दोनदा येऊन गेला, ट्रेमधला कागद उचलणारा पिकअप रोलर बदलला, चार दिवस मशीन झकास चाललं आणि पाचव्या दिवशी परत पहिले पाढे पंचावन्न. आता तो म्हणतोय फ्यूजर, म्हणजे टोनरची (शाईच्या पुडीची) छपाई उष्णतेनं कागदावर पक्की करणारा भाग, गेलाय, पंधरा हजार लागतील, आणि मॅनेजर साहेब तुम्हाला विचारताहेत करायचं का.

माझं म्हणणं, एवढ्यात करू नका. फ्यूजर चांगला आहे असं मी इथं बसून सांगू शकत नाही, पण तुम्ही जे लिहिलंय त्यात फ्यूजरकडं बोट दाखवणारं एकही लक्षण नाही. मी गेली २२ वर्षं कोल्हापुरात हेच काम करतोय, शाहूपुरी, लक्ष्मीपुरी, कोर्टाजवळची झेरॉक्सची दुकानं, शिरोली एमआयडीसीतली ऑफिसं, आणि वारंवार येणाऱ्या जाममध्ये लोकांचा सगळ्यात जास्त पैसा जातो तो चुकीचा पार्ट बदलण्यात, हे मी डोळ्यानं बघितलंय. तुमच्या पतसंस्थेतला पैसा सभासदांचा आहे त्यामुळं जरा सविस्तर लिहितो.

पहिली गोष्ट, जाम म्हणजे कागद अडकला असं मशीनला कळत नाही. त्याला फक्त वेळ कळते. ट्रेपासून बाहेर पडेपर्यंत कागदाच्या वाटेत ठिकठिकाणी सेन्सर असतात, बहुतेक ठिकाणी काळ्या प्लास्टिकची एक छोटी पट्टी असते, आम्ही तिला फ्लॅग म्हणतो, कागद आला की ती ढकलली जाते आणि कागद गेला की स्प्रिंगनं परत जागेवर येते, तिच्या दुसऱ्या टोकाला यू आकाराचा सेन्सर असतो त्यातला उजेड ती अडवते किंवा मोकळा करते, बस्स. मशीन मोजत असतं की मोटर फिरल्यापासून इतक्या वेळात कागद या सेन्सरवर पोचला पाहिजे आणि पोचल्यावर इतक्या वेळात तिथनं निघून गेला पाहिजे. वेळेत पोचला नाही तरी जाम, वेळेत निघाला नाही तरी जाम. तुमचं मशीन मिनिटाला ३० कॉपी काढतं म्हणजे एका कागदाच्या मागं दुसरा यायला दोन सेकंद, त्यात अर्ध्या सेकंदाची ढिलाईसुद्धा त्याला चालत नाही. म्हणून पुष्कळदा कागद कुठंच अडकलेला नसतो, फक्त उशीर झालेला असतो, आणि स्क्रीनवर मात्र एकच शब्द दिसतो, जाम.

आता होतं काय, जाम आला की आपण काय करतो, दार उघडतो, दिसला कागद की ओढतो, चुरगाळून बादलीत. म्हणजे पुरावाच गेला. अपघात झाला की पंचनामा होईपर्यंत गाडी हलवत नाहीत ना, तसं करा. दार उघडल्यावर हात लावायच्या आधी मोबाईलनं एक फोटो काढा आणि बघा की कागदाचं तोंड, म्हणजे जी कड पुढं चालली होती ती, नेमकी कुठं थांबलीये. ट्रेमधनं निघालाच नाही? निघून दोन-चार इंचावर थांबला? उभ्या वाटेनं वर जाऊन ड्रमच्या, म्हणजे ज्याच्यावरनं छपाई कागदावर उतरते त्या नळकांड्याच्या, अलीकडच्या रोलरपाशी थांबला? ड्रमखाली? फ्यूजरमध्ये? का बाहेर पडता पडता? आणि कागद कसा आहे, सपाट, तिरका, का हातपंख्यासारख्या घड्या पडलेला. मशीनला एक वही टांगा, प्रत्येक जामला एक ओळ, वेळ, कुठला ट्रे, तोंड कुठं, एक बाजू का दोन्ही बाजू. दहा नोंदी झाल्या की दुखणं कुठं आहे ते तुम्हालाच दिसायला लागतं.

नोंदीबरोबर तीन चाचण्या करा, कुणाला बोलवायला नको, पैसे लागत नाहीत. बाजूचा जो उघडता येणारा बायपास ट्रे असतो त्यात नवीन रिममधले पन्नास कागद लावा आणि पन्नास कॉप्या एका बाजूच्या काढा. नीट निघाल्या तर ट्रेच्या पुढची वाट, म्हणजे ड्रम, फ्यूजर, बाहेरचे रोलर, सगळं ठीक आहे, कारण बायपासचा कागदसुद्धा तिथनंच जातो, दुखणं ट्रेपाशी आहे. बायपासमधनंही अडकत असेल तर दुखणं पुढं आहे. मग ट्रे एक आणि ट्रे दोन मधनं वेगवेगळ्या पन्नास काढा, एकच ट्रे त्रास देतोय का दोन्ही ते कळेल. शेवटी दोन्ही बाजूच्या पन्नास. एका बाजूच्या व्यवस्थित आणि दोन्ही बाजूला अडकतंय असं झालं तर डुप्लेक्सचा, म्हणजे दुसऱ्या बाजूच्या छपाईसाठी कागद उलटवणारा, भाग किंवा फ्यूजरमधनं बाहेर येताना कागदाला पडणारा बाक बघायचा. अजून एक, वरनं फीडरमध्ये लावलेले ओरिजिनल कागद अडकत असतील तर तो जामच वेगळा, त्याचे रोलर वेगळे, खालच्या ट्रेशी त्याचा काही संबंध नाही, हे दोन्ही जाम लोक एकातच धरतात आणि मग इंजिनिअरलासुद्धा उलटसुलट माहिती जाते.

आता तुमच्या त्या चार दिवसांबद्दल. ट्रेपाशी एकच रोलर नसतो, तुमच्या वर्गातल्या बहुतेक मशीनला तीन असतात. वरचा पिकअप रोलर गठ्ठ्यातला वरचा कागद पुढं सरकवतो, त्याच्यापुढं फीड रोलर कागद आत ओढतो, आणि त्याच्या खाली सेपरेशन रोलर, तो एका वेळी दोन कागद आले तर खालच्याला मागं दाबून धरतो. तिघांचं काम एकमेकांवर अवलंबून आहे आणि झिजतातही तिघं बरोबरच, म्हणून ते सेटनं बदलायचे असतात. तुमच्याकडं फक्त पिकअप बदललाय. माझा अंदाज असा की नवीन रोलर बसवताना त्यानं बाकीचे दोन स्पिरिटनं पुसले असणार, पुसल्यावर जुन्या रबरालासुद्धा दोन-चार दिवस पकड येते, मग कागदाची पांढरी धूळ परत बसते आणि रबर गुळगुळीत असल्यामुळं घसरायला लागतं. कागद घसरला की उशीर, उशीर झाला की जाम. हे बघायचं सोपं आहे, ट्रे पूर्ण बाहेर काढून टॉर्चनं आत बघा, चांगला रोलर मखमलीसारखा मंद दिसतो, त्याच्यावरच्या बारीक खाचा बोटाला लागतात, संपलेला रोलर टक्कल पडल्यासारखा चकाकतो. तात्पुरतं पुसायचं असेल तर सुती फडकं पाण्यात बुडवून घट्ट पिळून त्यानं पुसा, रोलर हातानं फिरवत पूर्ण गोल. पेट्रोल, थिनर, नेलपॉलिश काढायचं लिक्विड यातलं काहीही लावू नका, रबर फुगतं. आणि रोलर बदलताना विचारा ओरिजिनल का डुप्लिकेट, स्वस्तातले डुप्लिकेट रोलर पहिल्या महिन्यात छान चालतात आणि मग कडक होतात, त्यात वाचलेले पैसे पुढच्या व्हिजिटला जातात.

रोलर तिन्ही नवीन घालूनसुद्धा जाम येत असेल तर एका गोष्टीकडं बघायला सांगा जी फार कमी जण बघतात. पिकअप रोलर कधी खाली यायचा आणि कधी उचलायचा हे बऱ्याच मशीनमध्ये सोलेनॉइड ठरवतो, करंट आला की लोखंडी पातं खेचलं जातं, करंट गेला की सुटतं. पातं आपटून आवाज येऊ नये म्हणून तिथं स्पंजचा एक बारीक तुकडा चिकटवलेला असतो, नखाएवढा. मशीन सात-आठ वर्षं जुनं झालं की उष्णतेनं तो स्पंज विरघळायला लागतो. मागच्या वर्षी गांधीनगरच्या एका ऑफिसातलं मशीन उघडलं, तिथं आधीच्या माणसानं रोलर दोनदा, क्लच एकदा बदललेला. सोलेनॉइड काढला, पातं बोटानं दाबलं आणि सोडलं तर ते जागेवर यायला सेकंदभर लागत होतं, खाली बघितलं तर स्पंजची अगदी काकवी झालेली, तशीच तपकिरी आणि तशीच तार सुटणारी. ते चिकट खरवडून स्पिरिटनं साफ केलं आणि जाड फेल्ट टेपचा तुकडा लावला, अर्धा तास काम. ते मशीन आजही चालतंय. याचं लक्षण लक्षात ठेवा, सकाळी मशीन थंड असताना बरं चालतं, तापल्यावर जाम वाढतात, एकेक कॉपी निघते पण वीस काढायला लावल्या की दोन-दोन कागद एकदम येतात किंवा मध्येच थांबतं. तुमचं मशीन तुमच्याकडं चार वर्षं आहे पण ते रिफर्बिश्ड आहे, म्हणजे खरं वय दुप्पटसुद्धा असू शकतं, त्यामुळं ही शक्यता मी बरीच वर ठेवीन.

आता कागद नसताना दिसणारा जाम. यात घाबरण्यासारखं काही नाही, एखाद्या सेन्सरला वाटतंय की माझ्यावर कागद आहे, एवढंच. कारणं तीनच, फ्लॅगखाली खरंच कपटा अडकलाय, फ्लॅग अडकलीये किंवा स्प्रिंग निसटलीये, नाहीतर सेन्सरच्या तोंडात टोनर आणि धूळ बसलीये. स्क्रीनवर मशीनचं चित्र येतं आणि जिथं जाम आहे तिथं अक्षर किंवा बाण लुकलुकतो, तिथल्याच भागातली फ्लॅग शोधा, बोटानं हळूच ढकलून सोडा, टचकन परत आली पाहिजे. आळसावून परत येत असेल किंवा अर्ध्यात राहत असेल तर सापडलं.

कपट्यासाठी एक सवय लावून घ्या. कागद फाटून निघाला तर तो टाकू नका, टेबलावर पसरून तुकडे जुळवा, लहान मुलं चित्र जुळवतात तसे, आणि चार कोपरे मोजा. एका वकिलांच्या ऑफिसात तीन आठवडे हाच त्रास होता, दोघं जण बघून गेले होते, मी गेलो तेव्हा तिथल्या मुलानं नशिबानं एका फाइलमध्ये ते फाटलेले कागद ठेवले होते. जुळवून बघितलं तर एका कागदाचा उजवा कोपरा नाही, तिकीटाएवढा तुकडा. डुप्लेक्सचं दार उघडून वळणाच्या मागं टॉर्च मारली, तिथं फ्लॅगच्या बिजागरीत तो कोपरा दुमडून बसलेला, दार लावलं की फ्लॅगवर दाबायचा आणि उघडलं की सैल पडायचा, म्हणून कुणाला दिसत नव्हता. चिमट्यानं काढला, संपलं. ताई, तुमच्याकडं दोन्ही प्रकारचे जाम आहेत म्हणजे बहुतेक दोन वेगळी दुखणी आहेत, ट्रेपाशी उशीर होतोय त्यात कुणीतरी घाईनं ओढलेल्या कागदाचा तुकडा आत राहिलाय, असं मला वाटतं. म्हणूनच एक पार्ट बदलून सगळं जाईल अशी आशा धरू नका.

कागद ओढायचा तो दोन्ही हातानं, दोन्ही कडा धरून, सरळ आणि सावकाश, आणि जमेल तिथं कागद चालला होता त्याच दिशेनं. बहुतेक मशीनला आत हिरव्या किंवा निळ्या रंगाचे खटके आणि गोल नॉब असतात ते त्याचसाठी आहेत, नॉब फिरवला की रोलर फिरतो आणि कागद आपोआप बाहेर येतो. स्क्रू ड्रायव्हर, पट्टी, सुरी आत घालायची नाही, ड्रमवर एक ओरखडा पडला की प्रत्येक कॉपीवर काळी रेघ आणि मग ड्रमचा खर्च.

आता कागदावर येतो, कारण कोल्हापुरात राहून याबद्दल बोललो नाही तर उत्तर अर्धंच. तुमचा त्रास दोन महिन्यांचा म्हणजे बरोबर पावसाळ्यात सुरू झालाय. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ३९ फुटांच्या इशारा पातळीकडं सरकायला लागली की माझा फोनही वाजायला लागतो, दरवर्षी. कागद हवेतलं पाणी पितो. रिममधल्या चांगल्या कागदात साधारण ४ ते ६ टक्के ओलावा असतो, रिम फोडून आपल्या जुलै-ऑगस्टच्या हवेत दोन दिवस उघडी टाकली की तो वाढतो, कागद मऊ पडतो, एकमेकांना चिकटतात, दोन-दोन ओढले जातात, आणि फ्यूजरमधनं जाताना ते पाणी वाफ होऊन निघतं तेव्हा कागद पापडासारखा वळतो आणि दुसऱ्या बाजूला छापायला परत येताना वळणात अडकतो. उपाय साधे आहेत. रिमचं वेष्टन आतनं ओलावा अडवणारं असतं, त्यामुळं लागेल तेवढाच कागद काढा आणि उरलेला त्याच वेष्टनात गुंडाळून ठेवा, फरशीवर किंवा ओल आलेल्या भिंतीला लावून नको, कपाटात. पावसाळ्यात संध्याकाळी जाताना ट्रेमधला कागद काढून ठेवा, कंटाळवाणं आहे पण फरक पडतो. कागद लावताना गठ्ठा फडफडवून हवा खेळवा, जास्तच वळत असेल तर गठ्ठा पालथा करून लावा. ट्रेमधल्या बाजूच्या पट्ट्या कागदाला टेकलेल्या पाहिजेत, दाबलेल्या नकोत आणि ढिल्याही नकोत, ढिल्या असल्या की कागद तिरका जातो.

कागद खरंच ७५ जीएसएमचा (जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन) आहे का ते किराणा दुकानातल्या काट्यावरसुद्धा कळतं. ए फोरची ५०० कागदांची रिम ७५ जीएसएम असेल तर कागदाचं वजन साधारण २ किलो ३४० ग्रॅम भरतं, ८० असेल तर अडीच किलोच्या जवळ, ७० असेल तर २ किलो १८० च्या आसपास. वेष्टनावर ७५ आणि काट्यावर दोन किलो असेल तर दुकानदार बदला.

पतसंस्थेत आणखी दोन गोष्टी हमखास असतात. एक म्हणजे पाठकोरे. कागद वाचवायची सवय चांगली आहे, मला स्वतःला आवडते, पण एकदा छापलेला कागद फ्यूजरमधनं गेलेला असतो, आधीच वळलेला, त्यात कुठंतरी टाचणी किंवा स्टेपलरची पिन राहिलेली, ती एक पिन ड्रम फाडू शकते. पाठकोरे कच्च्या हिशेबाला आणि हातानं लिहायला वापरा, मशीनमध्ये नको, निदान हा त्रास मिटेपर्यंत तरी नको. दुसरी गोष्ट लीगल साइज. कर्जाची कागदपत्रं, बॉन्ड त्यावर काढत असाल. आपल्याकडं दुकानात लीगल म्हणून मिळतो तो कागद बऱ्याचदा २१५ बाय ३४५ मिलिमीटरचा असतो, आणि मशीनच्या मेनूतला लीगल म्हणजे साडेआठ बाय चौदा इंच, म्हणजे लांबी ३५५.६ मिलिमीटर. वर सांगितलं तसं मशीन वेळ मोजतं, कागदाची शेपटी ठरलेल्या वेळेआधी निघून गेली की काही मशीन साइज चुकली म्हणून थांबतात आणि तोही जाम म्हणूनच दाखवतात. पट्टी घेऊन कागद मोजा आणि ट्रेच्या सेटिंगमध्ये तेच माप भरा. फक्त लीगलला जाम येत असेल तर आधी हेच बघा.

राहिला फ्यूजर. तो खरा दोषी कधी, तर कागदाचं तोंड फ्यूजरमध्ये किंवा त्याच्या लगेच पुढं सापडतं, कागद पंख्यासारखा घड्या पडून निघतो, किंवा रोलरला गुंडाळलेला असतो, कॉपीवर दर वेळी एकाच अंतरावर डाग किंवा सुरकुती येते, किंवा टोनर बोटानं पुसला जातो. यातलं काही दिसलं तर इंजिनिअर बरोबर आहे, तरीसुद्धा आधी विचारा की कागद रोलरपासून सोडवणारी जी छोटी नखं असतात तेवढीच बदलून भागेल का, पुष्कळदा भागतं. त्या भागात तुम्ही स्वतः हात घालू नका. आत दीडशे-दोनशे डिग्रीच्या घरात तापमान असतं, मशीन बंद करून, विजेची पिन काढून, निदान अर्धा-पाऊण तास थांबल्याशिवाय नाही. ही भीती आजची नाही, साध्या कागदावर कॉपी काढणारं पहिलं गाजलेलं ऑफिस मशीन, १९५९ सालचं झेरॉक्स ९१४, त्याच्यात अडकलेला कागद तापून पेटायचा म्हणून कंपनी मशीनबरोबर छोटं अग्निशामक द्यायची. आताच्या मशीनला उष्णता तोडायची सोय असते, पण भाजायचं ते भाजतंच.

इंजिनिअर आला की त्याच्याकडं एक गोष्ट मागा, सर्व्हिस मोडमधली, म्हणजे दुरुस्तीवाल्यांसाठीच्या मेनूतली, जाम हिस्टरी. तुमच्या वर्गातल्या मशीनमध्ये शेवटच्या बऱ्याच जामची यादी कोड, ट्रे, कागदाची साइज आणि काउंटर यांच्यासकट साठवलेली असते, ती प्रिंट निघते, दोन मिनिटांचं काम आहे. ती यादी आणि तुमची वही शेजारी ठेवा. सगळ्या ओळींना ट्रेचाच कोड असेल तर फ्यूजरचा विषयच नाही, तिन्ही रोलर आणि सोलेनॉइड. एकाच सेन्सरचा कोड कागद नसताना परत परत येत असेल तर ती फ्लॅग. कोड सगळीकडं विखुरलेले असतील, आज इथं उद्या तिथं, तर आधी कागद बदलून आठवडाभर बघा. आणि फ्यूजरच्या पुढच्या सेन्सरचे कोड खरोखर जास्त निघाले तर मॅनेजर साहेबांना ती प्रिंटच दाखवा आणि पंधरा हजारांचं कोटेशन लेखी घ्या, त्यात पार्ट नवीन का वापरलेला आणि किती कॉप्यांची किंवा महिन्यांची वॉरंटी हे लिहून घ्या. तिन्ही रोलरचा सेट मजुरीसकट सहसा फ्यूजरच्या खर्चाच्या जवळपासही जात नाही, म्हणून क्रम तोच ठेवा, आधी कागद, मग फ्लॅग, मग रोलर आणि सोलेनॉइड, आणि फ्यूजर सगळ्यात शेवटी.